खांद्यावर न टिकणारं रेशीम

वादिराज आमच्या स्टुडिओत आला त्या दिवशी मला त्याचा रागच आला. मी सांगलीची. नवऱ्याची बँकेत मद्रासला बदली झाली म्हणून इकडे आलेले, आणि घराबाहेर मराठीचा शब्दही कानावर पडत नसल्यामुळे चांगलीच आसुसलेले. एकदाचा एक मराठी माणूस ऑफिसात आला म्हणून मी त्याच्याशी तोंडभरून बोलायला गेले, तर तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "अक्का, तुम्ही फार वेगें बोलतां. निम्में मज कळलें नाही. हळू सांगा की."

त्याचे पूर्वज कधीकाळी तंजावरला गेले आणि तिकडचेच झाले. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि भांडायचं असलं की इंग्रजी, अशी त्याची वाटणी होती. हेल सगळा तमिळचा आणि मधूनच एखादा शब्द थेट पोथीतला. मी त्याला त्यावरून चिडवायचे. माझी मराठी रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखी आहे, असं त्याचं मत होतं आणि ते तो चारचौघांत सांगायचा.

हे १९९५ सालचं. नुंगंबाक्कमला हाय रोडच्या मागच्या गल्लीत एका जुन्या बंगलीच्या वरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ होता. मालक रामस्वामी. जाहिरातींसाठी कॉम्प्युटरवर चित्रं हलवून द्यायची, हा धंदा. साबणाची वडी गोल फिरवायची, बिस्किटाचा पुडा आकाशातून खाली आणायचा, असली कामं. कोणतं काम कधी द्यायचं आणि त्यासाठी कोणावर ओरडायचं, हे माझ्याकडे होतं. वडी, पुडा, डबा हे सगळं सोपं असतं, कारण ते जसं असतं तसं राहतं. कापड मात्र आमच्यात कोणालाच जमत नव्हतं. हाताने एकेक घडी हलवायला गेलं की ते पत्र्याचं दिसायचं.

वादिराजचं म्हणणं असं, की कापड आपण हलवायचंच नाही. त्याला वजन द्यायचं, वारा द्यायचा आणि सोडून द्यायचं. त्याने पडद्यावर ठिपक्यांची एक जाळी केली. प्रत्येक ठिपक्याला थोडं वजन, आणि शेजारच्या प्रत्येक ठिपक्याशी त्याला जोडणारी एक न दिसणारी स्प्रिंग. ओढलं की स्प्रिंग ताणते, दुमडलं की अडते. क्षणाक्षणाला कोणत्या ठिपक्यावर किती जोर येतो ते मशीन काढतं आणि त्या ठिपक्याला तेवढं सरकवतं. ऐकायला सोपं वाटतं. सुरुवातीचे काही आठवडे आकडा जरा इकडचा तिकडे झाला की जाळी थरथरायला लागायची आणि एकदम फुटून ठिपके पडदाभर उधळायचे. ऑफिसातले सगळे टाळ्या वाजवायचे. वादिराजचा चेहरा हलायचा नाही. "सरि, बरें, पुन्हा करूं," म्हणून तो परत बसायचा.

हे गणित तो मद्रासबाहेरच्या आवडी नावाच्या गावी शिकला होता. तिथल्या एका सरकारी कारखान्यात तो इंजिनियर होता आणि कुठल्या पोलादी पट्टीवर किती ताण येईल हे काढायचा. वडील राघोत्तमराव त्याच कारखान्यात होते. ते वारले, आणि मुलगा तिथेच नोकरीला असल्यामुळे सरकारी क्वार्टर घरातच राहिलं. आमच्याकडे तो वर्षभराची बिनपगारी रजा काढून आला होता. वर्ष संपायच्या आत परत गेला, तर नोकरी आणि घर दोन्ही शाबूत. नाही गेला, तर दोन्ही सोडायचं.

घरात तो आणि त्याची आई कृष्णवेणीबाई, एवढीच माणसं. क्वार्टरच्या मागच्या अंगणात एक विहीर होती. ती कधीकाळी कोणा शेतकऱ्याची, क्वार्टरं बांधताना बुजवायची राहून गेलेली. ही विहीर होती म्हणून बाईंची मडी चालत होती. आमच्याकडे ज्याला सोवळं म्हणतात, ते यांचं मडी. पण आमचं सोवळं सणावारी आणि सवडीने. यांचं रोज, पहाटेपासून. आंघोळीचं आणि स्वयंपाकाचं पाणी बाईंनी स्वतः शेंदायचं. रेशमी लुगडं उंच दांडीवर काठीने वाळत घालायचं, काठीनेच उतरवायचं, आणि ते नेसल्यावर जेवण होईपर्यंत बाईंना कोणी शिवायचं नाही. नवरा गेल्यापासून जेवणानंतरही हे सुटत नव्हतं.

"तू इकडेच राहिलास तर आईचं काय?" मी एकदा विचारलं.

"मग फ्लॅट," तो म्हणाला. "वरचा माळा. कार्पोरेशनचें पाणी, तेंही लॉरीने येणार, सगळ्यांच्या कळशा एकाला एक लागणार. तिकडे अम्माची मडी कशी चालायची, सांगा."

"मग परत जा आवडीला."

"परत मी जाणार नाही, अक्का." हे तो अगदी सरळपणे म्हणाला. आईला मात्र त्याने हे सांगितलं नव्हतं. एखादं मोठं काम हातून झालं म्हणजे सांगू, असं तो स्वतःला समजावत होता. मला हे मुळीच पटत नव्हतं आणि मी ते त्याला दोनतीनदा ऐकवलंही.

मोठं काम आलं ते दिवाळीच्या तोंडावर. रेशमी साड्यांच्या एका दुकानाची जाहिरात. दुकानाचे मालक अनंतकृष्ण म्हणून होते. कल्पना त्यांचीच: फळीवरची साडी आपोआप उलगडते, दुकानाच्या खिडकीतून बाहेर पडते, शहरावरून वाऱ्यावर जाते आणि एका बाईच्या खांद्यावर येऊन बसते. तोपर्यंत सगळं कॉम्प्युटरचं, तिथून पुढे खरी बाई. रामस्वामींनी वादिराजला बोलावून सांगितलं, की हे पास झालं तर तू इथे कायमचा, तुझ्या हाताखाली माणसं देतो. नाही झालं, तर कापडाचा नाद आपल्याला परवडत नाही, आपण साबण फिरवू. त्याची रजाही त्याच महिन्यात संपत होती.

त्याने नुसती दांडीवरून लोंबणारी साडी पहिल्यांदा दाखवली ती सकाळ मला आठवते. मशीन चित्रं काढत बसायचं, आणि ती जोडलेली आम्हाला सकाळी एकदम दिसायची. साडी लोंबत होती, कुठून तरी झुळूक आली आणि ती हलली. जरीचे काठ जड म्हणून ते सरळ राहिले आणि मधलं अंग आधी फुगलं. झुळूक गेली, अंग खाली बसलं, आणि काठ जरा उशिरा हलून थांबले. ते मी पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. मी सहज खूश होणारी बाई नाही. पण त्या दिवशी मला फार आनंद झाला आणि तो मी त्याला बोलूनही दाखवला.

अनंतकृष्ण बघायला आले तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या खुर्चीमागे उभे होतो. साडी उलगडली, खिडकीतून गेली, घरांच्या गच्च्यांवरून वळसे घेत खाली आली. खाली एका बाईचा खांदा आणि दंड, तोही कॉम्प्युटरवर केलेला. साडी अलगद खांद्यावर टेकली. आणि पुढच्याच क्षणी सबंधच्या सबंध घसरली. खांद्यावरून दंडावर, दंडावरून कोपरावर, आणि कुठेही न अडता चित्राच्या बाहेर गेली.

अनंतकृष्णांनी चष्मा काढून पुसला. ते सभ्य गृहस्थ होते. "साडी फार सुंदर आहे," ते तमिळमध्ये म्हणाले. "पण आमच्या गिऱ्हाइकांना ती नेसायची असते." मग नव्या रेशमाचा एक जरीकाठाचा तुकडा बरोबर आणला होता तो आमच्या टेबलावर ठेवून, पुढच्या सोमवारी येतो म्हणून ते गेले.

रामस्वामी खाली चहा प्यायला गेले. मी वादिराजच्या शेजारी खुर्ची ओढली. मला गणितातलं फारसं कळत नाही, पण पदर खांद्यावर का राहतो एवढं मी रोज बघते.

"घर्षण किती धरलंयस?"

त्याने आकड्यांच्या रांगा खाली सरकवल्या. "शून्य."

"शून्य? का?"

त्याने तो आकडा पुन्हा एकदा वाचला आणि म्हणाला, "रेशमाला कोणी शिवतें, असें माझ्या मनांतच आलें नाही."

मी मोठ्याने हसले. तो हसला नाही, म्हणून मग मीही थांबले. खरंच होतं ते. जन्मापासून त्याने रेशीम पाहिलं ते वरच्या वर. दांडीवर लोंबताना, काठीच्या टोकावरून उतरताना, आणि आईच्या अंगावर, दोन हात लांबून. वारा लागला की ते कसं हलतं हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. त्याच्या साऱ्या चाचण्याही तशाच, दांडीवरच्या आणि हवेतल्या. हाताखाली रेशीम काय करतं, हे बघायची वेळच त्याच्यावर आली नव्हती.

उपाय सोपा होता. हात आडवा धरायचा, त्यावर तुकडा ठेवायचा, हात हळूहळू तिरका करत जायचा आणि कोणत्या कोनाला तुकडा घसरतो ते बघायचं. त्या कोनावरून घर्षण निघतं. त्याने स्वतःच्या हातावर करून बघितलं, तर केसांत जरीची तार अडकायला लागली. मग कोणी तरी कपड्याच्या दुकानातल्या पुतळ्याचा हात आणला. त्यावरून तुकडा पहिल्यासारखाच निसटला. बाईचाच हात हवा होता, आणि त्या ऑफिसात बाई मी एकटी.

मी हात पुढे केला. वादिराज कानापर्यंत लाल झाला आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"वेंडाम, अक्का. इकडे नको."

"अरे, कोन मोजायचाय. लग्न लावायचं नाहीये."

"अम्मासमोर," तो म्हणाला. "घरीं, अम्मा समोर असतांना मोजीन. असें चौघांत परक्या बाईचा हात धरणें मज होत नाही."

मी चिडले, बरंच बोलले, पण हा गडी जागचा हलेना. तेव्हा मधल्या रविवारी मी, बँक अधिकाऱ्याची बायको, कोणाच्या तरी आईसमोर आपला हात मोजून घ्यायला गाडीने आवडीला गेले. माझ्या नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो एवढा हसला की चहा बशीत सांडला.

कृष्णवेणीबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. लहानखुऱ्या, काटक, अंगावर विटकरी रंगाचं जुनं रेशमी लुगडं. "या, या. त्या बाजूस बसा हां," त्या म्हणाल्या. "वाईट वाटून नका घेऊं. मडी आहे." मला वाईट वाटलंच. शिकलेली, कमावती बाई मी, घरी आलेली पाहुणी, आणि मला एक कोपरा दाखवला जातो, हे काही मला आवडलं नाही. पण जेवण असं होतं की मी ते विसरले. केळीच्या पानावर त्या उभ्यानेच वाढत होत्या, वाटी पानाला लागू न देता, वरून सोडून. एक शीतही पानाबाहेर पडलं नाही.

जेवून वादिराज पानं टाकायला बाहेर गेला. बाई उंबऱ्याशी आल्या आणि थेट मला म्हणाल्या, "हें काम झालें तर तो तिकडेच राहणार. होय ना?"

"त्याने सांगितलं तुम्हाला?"

"त्याने कशाला सांगायचें? आधीं रोज कारखान्याचें बोलायचा. आतां नांव काढीत नाही." मग मागच्या दाराकडे बघून, "मग हें घर?"

मला खोटं बोलता आलं असतं. बाईंच्या डोळ्यांकडे बघून ते जमेना. "जाईल," मी म्हटलं.

"सरि," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन झाकणं ठेवायला लागल्या. मला इतकं अवघडून गेलं की उठून घरी जावंसं वाटलं. बाईंच्या घरात बसून, त्यांचं जेवून, मी त्यांचं घर काढून घ्यायला आले होते. दुसरा शब्द मला सुचत नाही.

वादिराज आला. त्याने स्टूल मांडलं, रेशमाचा तुकडा काढला आणि शाळेतला कोनमापक काढला. मी स्टुलावर हात ठेवला. तो माझ्यापासून चांगला लांब उभा राहिला.

"काय करतोस तें?" आतून प्रश्न आला.

त्याने समजावून सांगितलं. तुकडा हातावर ठेवायचा, हात धरून हळू वर करायचा, घसरला की कोन बघायचा.

"कोणाचा हात?"

"अक्कांचा."

"तू त्यांचा हात धरणार?"

"हो, अम्मा. तुझ्यासमोर."

बाई उंबऱ्याशी आल्या. "दुसऱ्याच्या घरची लेक ती. समोर काय नि मागें काय?"

"माझं काही नाही हो," मी म्हटलं. "मला चालतं."

"तुमचें नाही, बाई. माझें आहे." मग त्या मुलाकडे वळल्या. "माझा हात काय झाला?"

वादिराज गोंधळला. "अम्मा, मडी. हा कपडा दुकानांतला. दहा जणांनी हाताळलेला."

"मग धू."

"धुतला तर त्याचा नवेपणा जाईल. मग मोजून उपयोग नाही."

"म्हणजे असाच होणार."

"असाच."

"सरि," असं म्हणून त्या उंबऱ्याबाहेर आल्या. मी घाईघाईने उठून भिंतीला चिकटून उभी राहिले. त्या स्टुलापाशी खाली बसल्या आणि त्यांनी हात त्यावर ठेवला. हातात बांगड्या नव्हत्या, त्यामुळे मध्ये येण्यासारखं काही नव्हतं. जाहिरातीतल्या तरुण मॉडेलसाठी हा हात चालेल का, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही.

वादिराजने तुकडा दोन बोटांत धरून वरून सोडला. तो हातावर नीट बसला. मग त्याने फूटपट्टी काढली, ती आईच्या मनगटाखाली सरकवली आणि पट्टीने हात उचलायला लागला.

"पट्टीने काय उचलतोस?" त्या म्हणाल्या. "हाताने धर."

त्याने पट्टी खाली ठेवली. एक हात मनगटाखाली घातला, एक कोपराखाली, आणि आईचा हात हळूहळू वर नेला. तुकडा जागचा हलला नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ तो तिथेच राहिला. मग जरीकडचं टोक सुटलं आणि त्यापाठोपाठ सगळा तुकडा त्यांच्या मांडीवर आला.

"किती?" मी विचारलं.

त्याने कोनमापकाकडे बघितलंच नव्हतं.

"पुन्हा कर," कृष्णवेणीबाई म्हणाल्या. "बाटलेंच आहे आतां. एकदां काय नि दहादां काय."

पुन्हा केलं. दुसऱ्यांदाही त्याला बघायचं सुचलं नाही, म्हणून शेवटी कोनमापक मीच धरून बसले आणि आकडे मोठ्याने वाचत गेले. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. तो आईच्या हाताकडे बघत होता. बाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा वाढताना होता तसाच होता. मोजणं संपलं, तुकडा खाली पडलेला राहिला, तरी त्याने हात सोडला नव्हता, आणि त्यांनीही तो काढून घेतला नाही. मी खिडकीतून बाहेर बघायला लागले. माझे डोळे भरून आले होते, आणि दोघांतल्या कोणाला ते दिसू नये असं मला वाटत होतं. त्या जाहिरातीतली साडी दिवाळीला सगळ्यांनी पाहिली. ती खांद्यावर टिकते ती त्या दुपारच्या आकड्यावर.

थोड्या वेळाने बाई "पोदुम, पुरे" म्हणाल्या, आणि हात सोडवून घेऊन उठल्या. आता त्यांना पुन्हा आंघोळ करायची होती. त्या अजून जेवल्याही नव्हत्या. दांडीवरचं कोरडं लुगडं काठीवर घेऊन त्या मागच्या दारापाशी गेल्या आणि तिथे थांबल्या.

"वादी, तिकडे घर बघशील तेव्हां तळमाळा बघ," त्या म्हणाल्या. "पाणी घेऊन जिना मज चढवत नाही."

तो "अम्मा" म्हणून पुढे झाला, तोवर त्या विहिरीवर पोचल्या होत्या. रहाट फिरल्याचा आवाज आला. आंघोळ करून त्या आत आल्या की पुन्हा त्यांना शिवायचं नव्हतं, त्यामुळे वादिराज दारातच थांबला.